रिकामी गव्हाण

नगर जिल्ह्यातील आमच्या गावी दिवाळीचे आकाशकंदील उतरून महिना होत आला, की आमच्या दाराशी चांदणी चढे. शेजारी गमतीने म्हणत, "तुमचा कंदील दरवर्षी उशिराच निघतो." वडील हसत. बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर खळीने पतंगी कागद चिकटवताना ते मला सांगत, की मत्तयाच्या शुभवर्तमानातील मागी लोकांना वाट दाखविणारा तो हा तारा. तो दिसायचा तर अंधारात चालण्याची तयारी हवी.

चांदणीखाली, ओसरीवर, ते ख्रिस्तजन्माचा देखावा मांडीत. मातीची मरिया, योसेफ, दोन मेंढपाळ, एक शिंग मोडलेला बैल आणि मधोमध ज्वारीचा कडबा पसरलेली लहानशी लाकडी गव्हाण. बाळ येशूची मूर्ती मात्र चोवीस तारखेला, मध्यरात्रीच्या प्रार्थनेहून परतल्यावरच तिच्यात येई. तोवर गव्हाण रिकामी. "बाळच नाही, तर आधीपासून मांडायची कशाला?" असे मी विचारत असे. "जागा पाहुणा येण्यापूर्वी करायची असते," वडील म्हणत.

पुढे वाचनात आले, की १२२३ साली इटलीतील ग्रेचो या गावी असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री गवताने भरलेली गव्हाण मांडून तिच्याजवळ खराखुरा बैल व गाढव उभे केले होते. उतारशाळेत जागा न मिळाल्याने ज्याला जनावरांच्या चाऱ्यात निजावे लागले, त्या बाळाची गैरसोय आपल्या डोळ्यांनी पाहावी, अशी त्यांची इच्छा होती. आज झगमगणाऱ्या या सजावटीच्या मुळाशी अशी एक उणीव आहे.

वडील नोव्हेंबरात गेले, त्या वर्षी मी सामानाची पेटी माळ्यावरून काढलीच नाही. आनंद नसताना त्याची आरास करणे मला ढोंग वाटत होते. चोवीस तारखेला संध्याकाळी कामावरून परतलो, तर ओसरीवर देखावा मांडलेला. आईने शेजारच्या मुलाकडून पेटी उतरवून घेतली होती. चांदणी नव्हती, दिवे नव्हते. गव्हाणीतला कडबा तेवढा ताजा होता. आई म्हणाली, "रिकामीच तर आहे. एवढे आपल्यालाही मांडता येते."

मी बराच वेळ त्या गव्हाणीकडे पाहत बसलो. आमच्या घरातले रिकामेपण मी महिनाभर लपवीत होतो. आईने ते ओसरीवर मांडून ठेवले होते, आणि तिथे ते कोणाची तरी वाट पाहत होते.

मूर्ती ठेवण्याचे काम नेहमी वडिलांचे असे. त्या रात्री चर्चमधून परतल्यावर आईने ती माझ्या हाती दिली. मग मी पेटीतून चांदणीचा सांगाडा काढला. एक कामटी मोडली होती, ती दोऱ्याने बांधली. गतवर्षी वडिलांनी लावलेला कागद फाटका होता, तो तसाच राहू दिला. चांदणी दाराशी चढली तेव्हा गाव झोपला होता. सकाळी शेजारी फराळाला आले. त्या वर्षी उशिराबद्दल कोणी काही बोलले नाही.