दुसरं कलम

आपल्याकडच्या बहुतेक कायद्यांचं पहिलं कलम नावाचं असतं आणि दुसरं व्याख्यांचं. नाव बातम्यांत येतं, भाषणांत येतं. दुसरं कलम मात्र कुणी वाचत नाही. ‘या कायद्यात अमुक म्हणजे तमुक’ अशी ओळीने वाक्यं असतात, झोप आणणारी. गेल्या वर्षभरात मी पाच कायद्यांची दुसरी कलमं वाचली. मी वकील नाही. वाळूजला एका कंपनीत स्टोअर सांभाळते. शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये, मोबाइलवर, पीडीएफ मोठी करून करून वाचली.

वाचली ती दादासाठी.

दादा ३४ वर्षांचा आहे. त्याच्या जुन्या सर्टिफिकेटवर ‘मतिमंद’ आणि ‘औरंगाबाद’ असं लिहिलंय, नव्या कार्डावर ‘बौद्धिक अक्षमता’ आणि ‘छत्रपती संभाजीनगर’. दोन्हींतला फोटो सोडला तर दादा तोच आहे. टक्के ७५. हे टक्के कसे ठरतात ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. एक चाचणी असते, व्हाइनलँड नावाची. मुलगा स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, पैसे ओळखतो का, एकटा बाहेर जातो का, असले प्रश्न. उत्तरं घरच्यांनी द्यायची. त्यातून एक आकडा निघतो. तो ३६ ते ५४ मध्ये असला की ७५ टक्के, ५५ ते ६९ असला की ५० टक्के. दादाची उत्तरं आईने दिली. तपोवन आज किती लेट आहे हे आमच्या गल्लीत फक्त दादाला माहीत असतं. तो प्रश्न त्या कागदावर नव्हता. शंभरची नोट दिली तर किती परत येतील हे त्याला येत नाही, तो होता.

प्रश्न उभा राहिला तो आईच्या गुडघ्यांमुळे. ऑपरेशन आणि मग निदान तीन आठवडे तिला उठबस नाही. मामी येऊन राहिली, तेवढं निभावलं. पण दवाखान्यातून आल्यावर आई मला म्हणाली, “ह्या वेळी मामी होती. मी गेल्यावर कसं व्हायचं ते मी असताना बघून ठेव.” बाबा नाहीत. मी २८ची. स्थळं येतात तेव्हा दुसऱ्या भेटीत, चहा झाल्यावर, कुणीतरी अगदी हळू आवाजात विचारतंच, “आणि भाऊ कुणाकडे असणार पुढे?” मला त्या प्रश्नाचा राग येत नाही. उत्तर नव्हतं, त्याचा यायचा.

म्हणून शोध सुरू केला. आणि पहिल्याच महिन्यात कळलं की माणसाला कुठे ठेवता येईल हे तो कसा आहे यावर नाही, तो कोणत्या व्याख्येत बसतो यावर ठरतं.

बालगृह बाल न्याय कायद्याखाली येतं, आणि तिथे मूल म्हणजे १८ पूर्ण न झालेलं. निवासी विशेष शाळा ही शाळाच असते, तिलाही वयाची मर्यादा आहे. वृद्धाश्रमासाठी २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. ज्येष्ठ म्हणजे ६० किंवा वर. त्या कायद्यात निदान आकडा तरी आहे: प्रत्येक जिल्ह्यात सुरुवातीला एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी. (तिथेही शब्द ‘राज्य सरकार स्थापन करू शकेल’ असाच आहे, ‘करेल’ असा नाही.) मधली बेचाळीस वर्षं मात्र मोकळी. दादा नेमका त्या बेचाळीस वर्षांत राहतो.

मग लोकांनी सुचवलं, मानसिक आरोग्याचं एखादं केंद्र बघा. आमच्याकडे कुणी थोडं वेगळं वागलं की ‘येरवड्याला टाका’ म्हणायची रीत आहे, त्यामुळे हे सुचणं साहजिक. पण २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या वाचलीत तर शेवटाकडे स्पष्ट लिहिलंय की बौद्धिक मंदत्व त्यात येत नाही. १९८७च्या जुन्या कायद्यातही ते वगळलेलं होतं. हे वगळणं योग्यच आहे. दादा आजारी नाही, त्याला बरं करायचं नाहीये. वेड्यांच्या इस्पितळात आयुष्य काढलेल्या कितीतरी माणसांना कसलाच आजार नव्हता, नुसती घरं नव्हती. आणि परवान्याशिवाय चालणाऱ्या जागांचं काय होतं हे २००१च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला दिसलं. झोपडीवजा आश्रमाला आग लागली, साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, २८ जण गेले. त्यानंतरच देशभरात अशा जागांच्या परवान्यांची चौकशी गंभीरपणे सुरू झाली. तेव्हा परवाना म्हणजे नुसती कागदी कटकट असं मी म्हणणार नाही. एका दारातून दादाला बाहेर काढलं ते बरंच झालं. फक्त बाहेर दुसरं दार कुठे आहे ते कुणी सांगितलं नाही.

दुसरं दार म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. एप्रिल २०१७ पासून लागू. त्यात ‘संस्था’ची व्याख्या अशी: दिव्यांगांना दाखल करून घेणं, त्यांची काळजी, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन किंवा इतर कोणतंही काम करणारी संस्था. वाचून बघा. दुपारी दोन तास मुलांना मेणबत्त्या शिकवणारा वर्गही यात आला आणि दोनशे माणसं रात्रंदिवस राहतात ती इमारतही आली. रात्री कोण असतं, किती जणांमागे एक माणूस, मुक्काम दोन दिवसांचा की जन्माचा, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. कलम ५० म्हणतं, नोंदणी प्रमाणपत्राशिवाय अशी संस्था चालवता येणार नाही. आणि कलम ५४ म्हणतं, केंद्र किंवा राज्य सरकारच्या स्वतःच्या संस्थांना हे प्रकरण लागू नाही. हे मी दोनदा वाचलं. मानसिक आरोग्याच्या कायद्यात सरकारी केंद्रांनाही नोंदणीतून सुटका नाही. दादासारख्यांच्या बाबतीत सरकारने स्वतःला वगळून टाकलं.

व्याख्या हातात घेऊन जागा बघायला लागले, तर गंमतच. बीड बायपासच्या बाजूला एक बंगला पाहिला. आत शिरताच भिंतीवर चार फ्रेमा. संचालक म्हणाले, “आपलं सगळं रजिस्टर्ड आहे ताई.” फ्रेमा जवळून वाचल्या. धर्मादाय आयुक्तांकडची न्यासाची नोंदणी, सोसायटीची नोंदणी, देणगीदाराला करसवलत मिळते ते ऐंशी-जी, आणि एका आमदारांचं अभिनंदनपत्र. न्यास नोंदवलेला आहे म्हणजे तिथे माणसं ठेवायची परवानगी आहे असं होत नाही. पहिल्या कागदाने पैसे घेता येतात, माणसं घ्यायला कलम ५०चा कागद लागतो. तुमच्या घरी कुणासाठी अशी जागा बघायची वेळ आली तर एवढं लक्षात असू द्या. मी तो कागद मागितल्यावर “प्रोसेसमध्ये आहे” असं उत्तर आलं, आणि चहा आला नाही.

दुसऱ्या एका जागी कागद होता. मुदतीतला, शिक्क्याचा. जागा स्वच्छ, फरशी चकचकीत, अग्निशामक नळकांडी जागच्या जागी. सात वाजता जेवण, साडेआठला दिवे बंद. दादा बशीत चहा पितो, ग्लासात दिला तर पीत नाही. तिथे सगळ्यांना एकाच रंगाचे स्टीलचे ग्लास. मी विचारलं, बशी चालेल का? बाई चांगल्या होत्या, हसून म्हणाल्या, “इथं चाळीस जण आहेत हो. एकाला बशी दिली तर…” त्यांचं खोटं नव्हतं.

दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला, आणि २०१६चा कायदा त्याच करारामुळे आला. त्याच्या १९व्या कलमात स्वतंत्रपणे, समाजात राहण्याचा हक्क आहे. या कलमावर करार पाहणाऱ्या समितीने २०१७ मध्ये खुलासा केला, त्यात संस्था कशाला म्हणायचं ते सांगितलंय. इमारत केवढी किंवा पाटीवर काय लिहिलंय यावर ते ठरत नाही. कुणासोबत राहायचं हे तुम्ही ठरवता का, मदतीला कोण येणार ते ठरवता का, दिवसाचं वेळापत्रक तुमचं आहे का, की सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट करावी लागते? एवढ्या सगळ्या कागदांत बशीची जागा मला पहिल्यांदा तिथे सापडली. त्या समितीच्या हिशोबाने आठ जणांचं छोटं ‘घर’ही संस्था असू शकतं.

घर हा शब्द आपल्या कायद्यांत शोधत होते. सापडला तो अपवादात. मानसिक आरोग्याच्या कायद्यात ‘आस्थापना’ची लांबलचक व्याख्या संपताना म्हटलंय, आजारी व्यक्ती आपल्या नातेवाइकांसोबत किंवा मित्रांसोबत राहते ते कौटुंबिक निवासस्थान यात धरायचं नाही. मित्रांसोबत! कायदा लिहिणाऱ्या कुणाला तरी ते सुचलं याचं मला फार बरं वाटलं. फक्त ते वाक्य ज्या कायद्यात आहे तो दादाचा नाही.

अठराव्या वर्षाचा प्रश्न फार जुना आहे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली अपंग मुलं वाढवली, १२३ मुलं. अठरा झालं की बालगृहातून बाहेर, हा नियम अशा मुलांना कसा लावायचा, कायदा बदला, हे ते वर्षानुवर्षं सांगत आलेत. कायदा बदलेपर्यंत त्यांनी मुलांना स्वतःचं नाव दिलं, कागदावर वडील म्हणून. संस्थेतून मुलाला वयाच्या नियमाने काढता येतं, बापाच्या घरातून नाही. जळगाव रेल्वे स्टेशनवर सापडलेली एक दृष्टिहीन मुलगी तिथेच माला पापळकर म्हणून वाढली आणि २०२४ मध्ये एमपीएससी पास झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. मला मालाचं कौतुक आहेच, पण डोळ्यांपुढे येतात ते परीक्षा कधीच न देऊ शकणारे बाकीचे. वडिलांच्या नावाचा रकाना त्यांचाही भरलेला आहे.

आमच्याकडे आणखी एक कागद बाकी होता. मूल अठराचं झालं की आई-वडील त्याचे कायदेशीर पालक आपोआप राहत नाहीत, मूल दादासारखं असलं तरी. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. या समितीत एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. आम्ही तिघं गेलो. बाकी सगळे आईशी बोलत होते. व्हीलचेअरवरच्या सदस्यांनी मात्र दादाकडे वळून विचारलं, “तुम्हाला कुठे राहायला आवडेल?” दादाला ‘तुम्ही’ म्हणतंय कोण, हेच बघायला तो आधी मागे वळला. मग म्हणाला, “घरी. शनिवारी स्टेशनवर.” त्यांनी ते लिहून घेतलं. ३४ वर्षांत हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता, मी धरून.

त्या दिवशी तिथेच एक काका-काकू भेटले. त्यांची मुलगी तिशीची, दादासारखीच. गारखेड्यात त्यांचा जुना चार खोल्यांचा बंगला आहे. तिथे आणखी चार जणांना ठेवायचं, चार घरांनी मिळून दोन मदतनीस ठेवायचे, असा त्यांचा बेत. आम्ही दोन शनिवार-रविवार दादाला नेऊन बघितलं. त्याने तिथली एक बशी स्वतःची म्हणून धरून ठेवली आणि काकूंना परत दिली नाही.

काकांनी नोंदणीचा अर्ज केला. कुणी करायला लावला नव्हता, पण एरवाडीचं मी वाचलंय तसं त्यांनीही वाचलंय, आणि उद्या काका-काकू नसतील तेव्हा कुणीतरी बाहेरून येऊन बघणारं हवंच. महिन्याभराने फाइल परत आली. शेरा एका ओळीचा: ‘प्रस्तावित संस्था निवासी शाळा आहे की कार्यशाळा, याचा खुलासा करावा.’

खुलासा लिहायला गेल्या रविवारी चारही घरं काकूंच्या ओट्यावर जमली. काका म्हणतात, कार्यशाळा लिहून मोकळं होऊ, दोन टेबलं मांडू, कागदी पिशव्या करायला देऊ, फाइल तरी हलेल. पण कार्यशाळा लिहिलं की तपासणीला आलेला माणूस पिशव्या मोजणार, आणि दादाला पिशव्या करायच्या नाहीत. एका ताईंचं म्हणणं, नोंदणीच नको, पाच मित्र एकत्र राहतात म्हणून राहू द्या. त्यांना मी तो मित्रांचा अपवाद वाचून दाखवला, आणि तो आपल्याला लागू नाही हेही सांगितलं. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तू लिहितेस ना? मग आधी लिही, इथं पाच मोठी माणसं राहतात. शाळा की काय ते खाली लिही.”

ती ओळ लिहून झाली आहे. खालची अजून नाही. मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे. शनिवारी दादाला स्टेशनवर न्यायचंय.