जोड्या लावा

इंग्रजीच्या वर्कबुकात 'जोड्या लावा' हा प्रश्न दिसला की मला बरं वाटायचं. डावीकडे दहा शब्द, उजवीकडे दहा अर्थ. सहा-सात येत असले की उरलेले आपोआप जुळतात, आणि शेवटचे दोन उलटसुलट झाले तरी आठ मार्क कुठे जात नाहीत. सहावीत गावच्या मराठी शाळेतून बेंगळुरूला आलो, तेव्हा माझं इंग्रजी याच युक्तीवर तगलं. प्रेपमध्ये मी जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याची कार्डं करायचो. एका बाजूला शब्द, मागे अर्थ, तोही एकाच शब्दात. पाठ पटकन व्हायचं. सातवीच्या दिवाळीपर्यंत दोनशेच्या वर कार्डं झाली होती.

त्याच जानेवारीत एका रविवारी घरी फोन करायची माझी पाळी आली. आईचा आवाज रडवेला होता. पप्पांच्या युनिटमधल्या कुणाचा तरी मेसेज आला होता, इंग्रजीत. वाचून दाखवणारा शेजारचा दादा घरी नव्हता. आईला एबीसीडी येते, पण वाचता येत नाही. तिने फोन स्पीकरवर ठेवला आणि एकेक अक्षर सांगू लागली.

सी, ए, एस, यू, ए, एल, टी, वाय.

कॅज्युअल्टी. माझ्या कार्डामागे लिहिलं होतं, 'मृत'. वर्कबुकात 'युद्धात किंवा अपघातात मेलेला अथवा जखमी झालेला' असा अर्थ होता, मी पहिला अर्धा घेतला होता. पुढची अक्षरं एम, एच. शेवटी 'स्टेबल'. त्याचंही कार्ड होतं: 'तबेला'. पप्पा आणि तबेला यांचा काय संबंध, तेही कळेना.

"काय लिवलंय रं?" आई विचारत होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मागे रांग होती. ड्यूटीवरच्या उस्तादांनी माझं तोंड पाहिलं, रिसीव्हर घेतला आणि आईकडून सगळी अक्षरं पुन्हा वदवून घेतली. मग हिंदीत म्हणाले, "बहनजी, चोट लगी है, अस्पताल में हैं, हालत ठीक है." गाडी रस्त्यावरून घसरली होती. पप्पांचा पाय मोडला होता, एवढंच. म्हणजे एवढंच नाही, पण त्या दिवशी मला एवढंच वाटलं.

रात्री सगळी कार्डं बाहेर काढली. निम्मी तरी अर्धवट होती. पुन्हा लिहिताना लायब्ररीतल्या जाड डिक्शनरीत पाहिलं, तर कॅज्युअल्टी आणि कॅज्युअल एकाच घराण्यातले निघाले. मूळ अर्थ अचानक घडणं, योगायोग. म्हणजे पप्पा ज्या सीएलवर घरी येतात, त्या कॅज्युअल लीव्हमधला शब्दही तोच. फौजीच्या घरात एकाच शब्दाच्या एका नातलगाने आनंद यावा आणि दुसऱ्याने धडकी भरावी, हे मला अजूनही विचित्र वाटतं. त्याच कार्डावर शेजारच्या पलंगावरच्या कन्नड मित्राने 'गाय' लिहून ठेवलं. मी भांडायला गेलो, तर कन्नडमध्ये गाय म्हणजे जखम! आपल्याकडे घाय, घायाळ आहेच की.

अर्थ गोळा करणं हे फौजी माणसांनी पूर्वीच केलेलं काम आहे, हे नंतर कळलं. मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या मुंबई फौजेतला अधिकारी. त्याने कँडी बंधू आणि मराठी शास्त्र्यांच्या मदतीने केलेला मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60,000 शब्द आहेत. तो चाळताना एकेका शब्दापुढे अर्थांची केवढी रांग दिसते! माझ्या पुठ्ठ्यावर मावलीच नसती.

एनडीएच्या लेखी परीक्षेत 900 पैकी 200 मार्क इंग्रजीला असतात, आणि तिथेही पर्यायांतून अर्थ निवडायचा असतो. निवडेन. वगळून उत्तर काढायची सवय काही सुटलेली नाही, खोटं कशाला बोलू. पण कार्डावर आता निदान एक वाक्य असतं.

गेल्या मेमध्ये आईने तिच्यासाठीही कार्डं करायला सांगितली. मी सोप्या शब्दांपासून सुरुवात करणार होतो, बस, बँक, बिल असे. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. आधी ते स्टेबल लिही."