हातातलं आणि हाताबाहेरचं

शाळेत अतिरिक्त ठरले, त्या महिन्यात मैत्रीण मला मुंबईत न्यू अ‍ॅक्रोपोलिसच्या वर्गाला घेऊन गेली. १९५७ साली ब्युनोस आयर्सला सुरू झालेली ही संस्था तत्त्वज्ञानाचे वर्ग घेते, सांस्कृतिक कार्यक्रम आणि सेवाकार्यही करते. त्या दिवशी विषय एपिक्टेटस, मूळचा गुलाम. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, एवढं आधी ओळखा, असं तो सांगतो. माझं समायोजन तर हातात नव्हतंच!

मला बगदादचा अल-किंदी आठवला. नवव्या शतकात त्याने दुःख दूर कसं करावं यावर अख्खा रिसाला लिहिलाय. वीस वर्षं उर्दू शिकवतेय, पण मुलांना त्याचं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. वर्गात मात्र भडाभडा बोलले.

परतताना अम्मीचा फोन. "आर्डर आया क्या?"

नाही म्हटलं. उद्या सातवीला अल-किंदी सांगायचाय, हे काही तिला बोलले नाही.