झिजायचं कोणी?

लेथचं दुखणं डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. घरामागच्या पडवीत बसवलेला माझा लेथ जुना, पट्ट्यावर चालणारा. मोटर खाली, मध्ये काउंटरशाफ्ट, आणि तिथून पट्टा हेडस्टॉकच्या पायऱ्यांच्या पुलीवर. बरेच दिवस त्या काउंटरशाफ्टमधून खडखड यायची, आणि शेवटचा हलका कट घेतला तरी जॉबवर बारीक लाटा उमटायच्या. पट्टा उतरवून पुली हलवून पाहिली, तर शाफ्ट आपल्या घरात चक्क नाचत होता.

तो बाहेर काढायलाही सबुरी लागते. पुलीच्या ग्रब स्क्रूने शाफ्टवर बर उठवलेली असते. ती कानशीने उतरवल्याशिवाय शाफ्ट ओढला, तर जाता जाता बूश ओरबाडून जातो. सगळं रॉकेलने धुऊन मायक्रोमीटर लावला. कधीच न घासलेल्या मधल्या भागात 25 मिलिमीटर, बुशात फिरणाऱ्या जागी 24.8. बूश मात्र एका अंगाला जरासं लांबट झालेलं, बाकी बरंच शाबूत.

पोलाद झिजलं आणि गनमेटल टिकलं! शिकवतात ते याच्या उलट. शाफ्ट करायला कष्टाचा, म्हणून तो कठीण. बूश सहज बदलता येतं, म्हणून ते मऊ. गनमेटल म्हणजे 88 भाग तांबं, 10 भाग कथील, 2 भाग जस्त. दोघांपैकी झिजायचं कोणी, हे जोडी जुळवतानाच ठरलेलं असतं. मग इथे करार मोडला कोणी?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हयात घालवलेले एक टर्नरकाका आमच्या गल्लीत राहतात. त्यांनी बुशाच्या आत अंगठा फिरवला आणि तो माझ्यापुढे धरला. काळा. “मऊ हाय म्हणून तेच झिजतंय असं कुठं लिवलंय? बिडाचं काम लई केलंस न्हवं? ती भुकटी बसलीया ह्यात.”

खरंच होतं. बीड कातताना उडणारी भुकटी आणि ओतकामाच्या सालीतली वाळू तेलात मिसळून आत शिरते. कठीण शाफ्टमध्ये ती रुतत नाही, मऊ बुशात रुतते, आणि मग तेच बूश शाफ्टला खात बसतं. कारखान्यात लॅपिंग करतात ते नेमकं असंच, फक्त जाणूनबुजून. विहिरीच्या काठाला दोराने खाचा पडतात तेव्हाही दगड कापते ती दोरात अडकलेली रेती. कौतुक मात्र दोराच्या चिकाटीचं होतं.

दुसरा गुन्हेगार तेलाचं भोक. माझ्याआधीच्या कुणा मालकाने ते पुढच्या अंगाला पाडलेलं, तेलाची कुपी सहज पोचावी म्हणून. पण पट्टा शाफ्टला ओढतो तो त्याच अंगाला. घातलेलं तेल तिथूनच परत ओघळायचं आणि बघणाऱ्याला वाटायचं, पोट भरलं. इंग्लंडमध्ये इंजिनिअर बीचम टॉवर यांनी रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग केले, त्यांचा अहवाल 1883 चा. भार पेलणाऱ्या बाजूला त्यांनी तेलासाठी भोक पाडलं, तर तेल उलटं वर येऊ लागलं. बूच मारलं, तर तेलाने ते ढकलून काढलं. फिरता शाफ्ट स्वतःच तेल ओढून दाब तयार करतो, हे त्या उडालेल्या बुचाने दाखवलं. तेल द्यायचं ते भार नसलेल्या बाजूने. आमच्या लेथपर्यंत ही बातमी पोचली नव्हती.

आता पेच असा, की नवा शाफ्ट कातायला लेथ हवा आणि लेथ चालायला शाफ्ट हवा. शेजारच्या वर्कशॉपमधून करून आणता आला असता. पण काउंटरशाफ्ट फक्त फेरे पुरवतो. जॉबची गोलाई ठरते हेडस्टॉकच्या स्पिंडलवर आणि सरळपणा बेडवर. म्हणून म्हाताऱ्या शाफ्टलाच परत जागेवर बसवलं, पट्टा सैल केला, वेग कमी ठेवला आणि ईएन 8 पोलादाचा बार दोन सेंटरमध्ये धरला. लांब बार मध्यावर टूलपासून लवतो आणि तिथे जाड राहतो. त्याला स्टेडीचा आधार दिला. शेवटचे कट इतके हलके, की कीस केसासारखा निघत होता. हा जुना शाफ्ट आपल्या जागी येणाऱ्याला घडवत होता, आणि तेही स्वतःपेक्षा सरळ. मला यात करुण काही वाटलं नाही. उलट त्या खडखडीत जरा तोरा ऐकू येत होता.

नवी बुशं घरात दाबली की त्यांची भोकं किंचित आवळतात. म्हणून आधी थोडी कमी ठेवून, बसवल्यावर एकच लांब रीमर दोन्हींतून आरपार फिरवला, म्हणजे दोन्ही एका रेषेत. शाफ्ट आणि बूश यांच्यात फट मिलिमीटरच्या शंभरातल्या तीन भागांएवढी, म्हणजे 0.03 मिलिमीटर. तेलाचं भोक यावेळी मागच्या अंगाला, वर झाकणाची कुपी. बिडाचं काम असेल तेव्हा भुकटी बुशांपर्यंत जाऊ द्यायची नाही, हेही ठरलं.

लेथ चालू केला तेव्हा काका स्टुलावर बसून होते. बुशावर तळवा ठेवून त्यांनी ऊब पाहिली, मान हलवली. मग डोकं हेडस्टॉककडे झुकवून म्हणाले, “आता बॅकगिअर बोलतोय बघ. त्याची चावी ढिली हाय.”