कसबे लीसबर्ग, जिल्हा लाउडन

डलेस विमानतळाच्या मुख्य इमारतीचे छप्पर, कलत्या खांबांच्या दोन रांगांमध्ये एखादी भली मोठी झोळी ताणून बांधावी तसे टांगलेले आहे, एरो सारिनेन या वास्तुशिल्पकाराची ती किमया डोळे भरून पाहत मी बाहेर आलो आणि न्यायला आलेल्या भाचीजवळ तिची तारीफ करू लागलो, तेव्हा तिने गाडी सुरू करता करता एवढेच सांगितले, "मामा, इथं आधी एक गाव होतं. विलार्ड नावाचं." आयझेनहॉवर अध्यक्ष असताना, 1958 साली, राजधानी वॉशिंग्टनच्या पश्चिमेची सुमारे दहा हजार एकर जमीन विमानतळासाठी मुक्रर झाली, आणि त्या संपादनात विलार्ड ही, बहुतांशी कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची वस्ती, घरेदारे आणि मळ्यांसकट उठली. 1962 च्या नोव्हेंबरात केनेडींनी विमानतळाचे उद्घाटन केले. त्याच वर्षीच्या 1 मे रोजी आमच्या महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या होत्या. त्यांतल्या एकीच्या कचेरीत आवक-जावक नोंदवण्यात आणि सभांची इतिवृत्ते लिहिण्यात माझी हयात गेलेली असल्यामुळे, परदेशात येऊन धबधबे आणि गगनचुंबी इमारती पाहण्यापेक्षा तिथल्या एखाद्या जिल्ह्याचा कारभार पाहावा, ही इच्छा मी निघण्यापूर्वीच भाचीला कळवून ठेवली होती.

तिचा जिल्हा म्हणजे व्हर्जिनिया राज्यातील लाउडन कौंटी. कौंटी हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडी तिथे इतका बसला आहे की त्याला मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या भरीस कोणी पडत नाही, आणि मीही पडत नाही. पण विस्ताराने तो आपला एक मोठा तालुका भरेल आणि अधिकाराने जिल्ह्याच्या जवळ जाईल. 1757 साली, म्हणजे ज्या वर्षी प्लासीची लढाई झाली त्या वर्षी, फेअरफॅक्स कौंटीतून ही कौंटी वेगळी काढली गेली. लाउडनचा चौथा अर्ल जॉन कॅम्पबेल या ब्रिटिश सेनानीचे नाव तिला दिले गेले. आणि पुढल्याच साली, मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या होत्या तेव्हा, तिचे ठाणे असलेला लीसबर्ग हा कसबा व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायद्याने वसवला. त्यानंतरची दोनशे वर्षे हा गहू, मका आणि दुभत्याचा मुलूख होता. 1960 च्या शिरगणतीत येथे 24,549 माणसे होती. 2000 साली ती 1,69,599 झाली आणि 2020 साली 4,20,959. साठ वर्षांत सतरा पट! हे आकडे मी वाचले तेव्हा माझ्यासारख्या जुन्या कारकुनाच्या मनात पहिला प्रश्न आला तो हा, की एवढ्या माणसांच्या शाळांचे, पाण्याचे आणि रस्त्यांचे अर्ज कोणी निकालात काढले असतील?

त्याचे उत्तर ॲशबर्नच्या वाटेवर दिसू लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, खिडक्या नसलेल्या, फिकट राखी रंगाच्या, कोठारांसारख्या प्रचंड इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्यात माणसांची वर्दळ जवळजवळ नाही. ही डेटा सेंटरे होत. जगात त्यांचा एवढा मोठा समूह अन्यत्र नाही. आतल्या यंत्रसामग्रीवर कौंटी दरसाल कर बसवते आणि त्या उत्पन्नाच्या बळावर घरपट्टीचा दर उतरत गेला आहे: 2012 साली दर शंभर डॉलर मूल्यामागे 1.235 डॉलर असलेला दर 2025 साली 0.805 वर आला. ज्या यंत्रांनी रहिवाशांची पट्टी हलकी केली, त्यांच्याच छपरावरचे पंखे आणि अंगणातली डिझेल जनित्रे रात्रीची शांतता मोडतात, आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या उच्चदाबाच्या तारा कोणाच्या घरावरून जाव्यात यावरून शेजार पेटून उठतो. माझ्या मुक्कामापूर्वीच, 2025 च्या मार्चात, पर्यवेक्षक मंडळाने ठराव करून, ठरावीक पट्ट्यांत आपोआप मिळणारी डेटा सेंटरची परवानगी काढून घेतली. आता असा अर्ज जाहीर सुनावणीवाचून मंजूर होत नाही.

पर्यवेक्षक मंडळ हे कौंटीचे सर्वाधिकारी. नऊ सभासद, चार वर्षांची मुदत. अध्यक्ष सगळ्या कौंटीने निवडायचा, उरलेले आठ आपापल्या विभागांनी. फिलिस रँडल या 2015 साली अध्यक्षपदी निवडून आल्या, आणि व्हर्जिनियात अशा मंडळाचे अध्यक्षपद निवडणुकीने मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. जिल्हाधिकाऱ्यासारखा वरून नेमलेला हाकिम येथे नाही; प्रशासक असतो, पण तो मंडळाचा पगारी नोकर. शाळांचे मंडळ निराळे निवडले जाते, मात्र पैशाची थैली पर्यवेक्षकांच्या हाती, आणि त्यामुळे दर वसंतात अंदाजपत्रकाच्या वेळी दोन्ही मंडळांची ओढाताण ठरलेली. या सगळ्यावर राज्याच्या राजधानीची, रिचमंडची, मर्यादा आहे: विधिमंडळाने मुखत्यारपत्रात जेवढे लिहून दिले तेवढेच कौंटीने करावे, त्यापलीकडे नाही. हे ऐकून मला मंत्रालयातून येणाऱ्या शासननिर्णयांची आठवण झाली आणि परका मुलूख एकदम ओळखीचा वाटू लागला.

भाचीच्या वसाहतीत घरमालकांची एक संस्था आहे. दाराचा रंग, गवताची उंची, कुंपणाची लाकडे यांविषयी तिचे नियम आहेत, आणि तिच्या सभागृहात शनिवारी मराठी शाळा भरते, दिवाळीत फराळ होतो. जवळच्या उद्यानात क्रिकेटची मैदाने आहेत. याविषयी अधिक लिहीत नाही, कारण आपल्या माणसांनी आपल्या माणसांत रमणे हे कुठेही सारखेच असते. मला पाहायचे होते ते त्यांचे इतरांमध्ये मिसळणे.

एप्रिल होता. पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला रेडबडची झाडे पानांआधी जांभळ्या-गुलाबी फुलांनी भरली होती, आणि लीसबर्ग ओलांडताच वस्त्या तुटून दगडी कुंपणांची कुरणे सुरू झाली. ही कुरणे अशी राहिली यामागे मोठा झगडा आहे. 1999 च्या निवडणुकीत, बेसुमार बांधकामाला आळा घालू म्हणणाऱ्या उमेदवारांनी नऊपैकी आठ जागा जिंकल्या. त्यांनी 2003 साली पश्चिमेच्या शेतजमिनींवर घरांची संख्या कडक मर्यादेत ठेवणारे नियम केले. आणि 2005 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले, कारण त्यांची जाहीर नोटीस लोकांना नीट अर्थबोध होईल अशी लिहिलेली नव्हती. हा निकाल ऐकून मी गाडीत काही वेळ गप्प राहिलो. नोटिशीचा मसुदा हे माझे काम होते. ज्याच्या शेतावर बंधन यायचे आहे त्याला आधी स्पष्ट शब्दांत कळले पाहिजे, हे तत्त्व एवढ्या मोठ्या राजकीय विजयाहूनही वरचे मानले गेले, याचा मला मनापासून आनंद वाटला, जरी माझी सहानुभूती कुरणांच्या बाजूला होती.

वॉटरफर्ड हे खेडे 1733 च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातून आलेल्या एमोस जेनी या क्वेकर पंथीयाने वसवले. उतारावरची दगडी घरे, खाली ओढ्याकाठी पिठाची गिरणी, आणि गावात शिरताच जाणवणारी एक स्वच्छ निःशब्दता. क्वेकरांना शस्त्र वर्ज्य आणि गुलामगिरी पाप. म्हणून 1861 साली लाउडनने मोठ्या बहुमताने संघराज्यातून फुटण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा या गावाने तितक्याच निश्चयाने विरुद्ध मत टाकले. येथील गिरणीवाल्या सॅम्युअल मीन्सने संघराज्याच्या बाजूने लढणारे 'लाउडन रेंजर्स' हे घोडदळ उभारले. युद्धाच्या अखेरीस तीन क्वेकर तरुणींनी 'वॉटरफर्ड न्यूज' नावाचे संघराज्यनिष्ठ वर्तमानपत्र काढले. आणि तरीही 1864 च्या हिवाळ्यात, बंडखोर टोळ्यांची रसद तोडण्यासाठी संघराज्याचीच फौज आली आणि निष्ठावंतांची कोठारे व गिरण्याही जाळून गेली. त्या ओढ्याकाठी उभे असताना, सरकारच्या बाजूने उभे राहूनही सरकारकडूनच उद्ध्वस्त झालेल्या त्या कुटुंबांविषयी मन भरून आले.

परतताना लीसबर्गच्या न्यायालयापाशी उतरलो. आजची विटांची इमारत 1894 ची. पण याच आवारात 14 जून 1774 रोजी लाउडनचे जमीनधारक जमले आणि आमच्या संमतीशिवाय आमच्यावर कर बसवण्याचा अधिकार कोणालाही नाही, असा ठराव त्यांनी केला. याच आवारात माणसांचे लिलावही होत. लीसबर्गातच जन्मलेल्या लेनर्ड ग्राइम्स या स्वतंत्र कृष्णवर्णीयाने एका गुलाम कुटुंबाला पळून जाण्यास साहाय्य केले म्हणून 1840 साली त्याला येथेच दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. 1908 साली दारात दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा बसला, तो 2020 च्या जुलैत हलवला गेला. आणि त्या पुतळ्याच्या समोरूनच 1933 साली चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे कृष्णवर्णीय वकील आत गेले. जॉर्ज क्रॉफर्ड नावाच्या आरोपीचा बचाव, साऱ्या गोऱ्या पंचांसमोर, सर्वस्वी कृष्णवर्णीय वकिलांनी करण्याचा तो प्रसंग दक्षिणेत अपूर्व होता. क्रॉफर्डचा फास टळला.

ह्यूस्टन लीसबर्गला विसरले नाहीत. कौंटीतल्या कृष्णवर्णीय मुलांना धड माध्यमिक शाळा नव्हती. मुलांसाठी गाडी द्या, इमारत दुरुस्त करा, अशा आशयाच्या दरखास्ती पालक वर्षानुवर्षे मंडळाकडे करीत. शेवटी त्यांनी 'कौंटी-वाइड लीग' स्थापन केली, ह्यूस्टन तिचे सल्लागार झाले, आणि पै-पैसा जमवून लोकांनी आठ एकर जमीन 4,000 डॉलरला स्वतः विकत घेतली व कौंटीला एका डॉलरला दिली, एवढ्यासाठी की आता जागा नाही ही सबब उरू नये. 1941 साली तेथे डग्लस हायस्कूल उघडले, आणि 1968 पर्यंत, म्हणजे शाळांतील वर्णभेद लाउडनमध्ये पुरता संपेतो, ते चालले. ती एकमजली विटांची इमारत मी बाहेरून हात लावून पाहिली. दरखास्त करणारा याचक असतो, असे आमच्या कचेरीत सर्रास समजले जाई, आणि मीही ते पुष्कळ वर्षे मानले. त्या भिंतीपाशी ते मत मी सोडून दिले.

बुधवारी संध्याकाळी सहाला सुनावणी होती. एका डेटा सेंटरचा अर्ज होता, आणि भाचीने बोलणाऱ्यांच्या यादीत नाव घातले होते. सभागृहात उंचावर नऊ खुर्च्या, समोर बोलणाऱ्यासाठी चौथरा, आणि त्यावर हिरवा, पिवळा, तांबडा असे तीन लहान दिवे. प्रत्येकाला मोजकी मिनिटे. आमच्या शेजारी पश्चिमेकडचा एक वृद्ध शेतकरी बसला होता. त्याच्या हातांना भेगा होत्या आणि मांडीवर घडी घातलेला कागद. बोलता बोलता तो म्हणाला की 2012 च्या जुलैत मेट्रो आणायची की नाही यावर मंडळात पाचास चार अशी मते पडली, त्या वेळी तो याच चौथऱ्यावरून मेट्रोच्या विरुद्ध बोलला होता. भाची हसली. ती त्या वेळी नुकतीच येथे आली होती, आणि 2022 च्या नोव्हेंबरात गाडी ॲशबर्नपर्यंत आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिने घरच्या गाडीचा प्रवास सोडला. "मग आपण विरुद्ध बाजूंना होतो," तो म्हणाला, आणि तिच्या हातातला कागद थरथरताना पाहून त्याने आपल्या खिशातले पेन पुढे केले: "मुख्य वाक्याखाली रेघ ओढ. तांबडा दिवा लवकर लागतो."

तिने रेघ ओढली. नाव पुकारले गेले तेव्हा ती उठली, चौथऱ्याशी जाऊन आधी आपले नाव आणि विभाग सांगितला, आणि मग मुलाच्या झोपण्याच्या खोलीपासून त्या जनित्रांचे अंतर किती असेल, परीक्षणासाठी ती किती वेळ चालवली जातील, आणि त्या वेळा लेखी अटींत का घातलेल्या नाहीत, हे तीन प्रश्न तिने एकेका वाक्यात विचारले. माझ्या थोरल्या बहिणीची ही मुलगी लहानपणी पाहुण्यांसमोर श्लोक म्हणायला लाजून दाराआड उभी राहत असे. पिवळा दिवा लागला. नऊपैकी एक सभासद काहीतरी लिहून घेत होता. कोणत्या प्रश्नाला त्याने पेन उचलले ते मी नीट पाहून ठेवले. तिसऱ्याला.

ती परत येऊन बसली तोवर पुढले नाव पुकारले गेले होते. म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली, क्षणभर ती कुठे ठेवावी हे त्याला सुचेना, आणि भाचीने हात पुढे करताच ती तिच्याकडे देऊन तो चौथऱ्याकडे चालू लागला.