मनांतले मांडे

मनांत मांडे खाल्ल्यानें पोट भरत नाहीं, हें शहाणपण आम्हीं लहानपणापासून घरांत इतक्या वेळां ऐकलें आहे कीं, कल्पना म्हणजे आळशाचा उद्योग अशी आमची पक्की समजूत होऊन बसली होती. ती समजूत मोडण्यास आमचें मनगट मोडावें लागलें.

पावसाळ्याचे दिवस, अंगणांतील शेवाळलेली फरशी आणि आमची नेहमींची घाई या तिघांनीं मिळून उजव्या हाताचा घात केला. डॉक्टरांनीं हाड बसवून प्लॅस्टर चढविलें व सहा आठवडे मनगट हलवावयाचें नाहीं अशी ताकीद दिली. लिहिणें थांबलें, जेवतांना डाव्या हातांत चमचा आला. त्याचें फारसें दुःख झालें नाहीं. दुःख झालें तें कोपऱ्यांत गवसणी घालून ठेवलेल्या तबल्याकडे पाहून. आम्ही कांहीं मैफलींचे वादक नव्हे; परंतु वीस वर्षें रोज सकाळीं केलेला रियाज हातांतून निघून जाईल, आणि या वयांत तो पुन्हां यावयाचा नाहीं, ही भीति झोंप येऊं देईना.

समाचारास आलेल्या आमच्या वृद्ध गुरुजींपुढें हें गाऱ्हाणें मांडलें. ते म्हणाले, "अहो, हात बांधला आहे, डोकें कोठें बांधलें आहे? रोजच्या वेळीं रोजच्या जागीं बसत जा आणि मनांत वाजवा. मात्र हात नुसता डोळ्यांपुढें दिसून उपयोग नाहीं; बोट शाईवर पडतांना आंतून जाणवलें पाहिजे."

आम्हांस हें केवळ सांत्वन वाटलें. तरी बसूं लागलों. पहिलें आश्चर्य असें कीं, मनांतला हात मनास येईल तसा धांवेना. ज्या लयीच्या पुढें आमच्या हातून 'तिरकिट' कधीं स्वच्छ निघालें नव्हतें, त्याच लयीवर तें मनांतहि अडखळे. आणि अर्ध्या तासानें चक्क थकवा येई. ज्या कल्पनेस आम्ही मोकाट समजत होतों, तिच्या पायांत शरीराचीच बेडी होती!

कुतूहलानें शोध घेतला, तेव्हां शास्त्रज्ञ या वाटेनें पूर्वींच गेल्याचें कळलें. शिकागोच्या एडमंड जेकब्सन यांनीं १९३० च्या सुमारास, हात वांकविण्याची नुसती कल्पना करणाऱ्याच्या दंडांत अतिसूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजले होते. पुढें १९९२ मध्यें यू आणि कोल या दोघांनीं करंगळीच्या स्नायूवर प्रयोग केला. चार आठवडे प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांचें बळ ३० टक्के वाढलें. तोच व्यायाम केवळ मनांत करणाऱ्यांचें २२ टक्के. आणि कांहींच न करणाऱ्यांचें चार टक्केहि नाहीं.

याचें मर्म असें कीं, बळ एकट्या मांसांत नसतें. त्या मांसास मिळणाऱ्या आज्ञेंतहि असतें. मेंदूकडून मज्जारज्जूच्या वाटेनें ही आज्ञा स्नायूकडे उतरते. हालचालीची कल्पना करतांना मेंदूचे बरेचसे तेच भाग जागे होतात. आज्ञा मात्र उंबरठ्यावर अडविली जाते. ओहायो येथें २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत निरोगी माणसांचीं मनगटें चार आठवडे बांधून ठेविलीं होतीं. स्वस्थ बसलेल्यांचें बळ सुमारें ४५ टक्के घटलें, मनांत मनगट वांकविणाऱ्यांचें सुमारें २४ टक्के. म्हणजे बांधलेल्या हातास केवळ मांसच नव्हे, तर आज्ञा करण्याची संवयहि सोडून जाते. आणि कल्पना ती संवय राखते.

आमचें प्लॅस्टर निघालें तेव्हां हात काडीसारखा झाला होता व मनगट ताठ होतें. कल्पनेनें मांस राखलें नव्हतें. त्याकरितां पुढें कित्येक दिवस व्यायामच करावा लागला. परंतु डॉक्टरांच्या परवानगीनें प्रथम शाईवर बोट ठेविलें, तेव्हां बोल क्षीण निघाले तरी प्रत्येक आपापल्या जागीं निघाला. गुरुजी ऐकून म्हणाले, "आवाज गेला आहे, वाट गेलेली नाहीं."

हें सारें मनांतल्या रियाजाचेंच फळ, असें आम्ही शपथेवर सांगणार नाहीं. वीस वर्षांची पुण्याईहि त्यांत असेल. मनांत मांडे खाऊन पोट भरत नाहीं, हें तर आजहि खरेंच आहे. परंतु मनांत नेमानें मांडे करणाराचा हात अगदींच रिकामा राहत नाहीं, एवढी दुरुस्ती त्या म्हणींत करावी, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.