काच फुटते आणि टाळ्या पडतात!

मुंबईला गेटवेवरून लाँच पकडायची, मांडव्याला उतरायचं आणि तिथून बसने अलिबाग गाठायचं. बहुतेक मंडळी तडक समुद्रावर जातात, भरती-ओहोटी बघून कुलाबा किल्ला पाहतात आणि शहाळं पिऊन परत फिरतात. पण मुलांनो, अलिबाग गावात ‘इस्रायल आळी’ नावाची एक आळी आहे. तिथे ‘मागेन आबोथ’ नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर आहे.

कोकणात ज्यू? हो तर! आणि तेही घरात मराठी बोलणारे. त्यांना बेने इस्रायल म्हणतात, म्हणजे इस्रायलची लेकरं. फार फार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ही मंडळी परंपरेने सांगत आली आहेत. ते इथे तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर! अगदी तुमच्या वर्गातल्या हजेरीपटावर शोभतील अशी.

या मंडळींचं लग्न मोठं गमतीचं असतं. आदल्या दिवशी मेंदी. नवरीच्या हातात हिरव्या बांगड्या. मग ‘मलिदा’. मोठ्या ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा आणि भोवती फळं मांडतात आणि एलियाहू या प्रेषिताचं स्मरण करतात. पोहे-खोबरं कोकणातलं आणि एलियाहू बायबलमधला. पण दोघांचं एकाच ताटाशी छान जमलेलं आहे.

ज्यूंमध्ये मंगळवार लग्नाला फार चांगला मानतात. कारण काय? बायबलमधल्या गोष्टीत देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं. त्यातल्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, ‘हे चांगलं आहे’ असं देवाला दोनदा वाटलं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत मात्र लग्न नाही म्हणजे नाही.

लग्नाच्या वेळी नवरी आत येऊ लागली, की नवरदेव तिच्यासाठी हिब्रू भाषेत गाणं म्हणतो. सगळ्या पाहुण्यांसमोर, बरं का! जगात बऱ्याच ठिकाणी ज्यू नवरा-नवरी चार खांबांवर ताणलेल्या कापडाखाली उभी राहतात. त्याला ‘हुप्पा’ म्हणतात. हे त्यांचं पहिलं घर. त्याला भिंती नसतात, कारण पाहुण्याला कुठूनही आत येता आलं पाहिजे.

अंगठी अगदी साधी, खड्याशिवाय. खडा असला, की तो खरा की खोटा आणि किमतीचा किती, याचा घोळ होतो. नवरीची फसवणूक व्हायला नको, म्हणून साधी अंगठी. ती घालायची उजव्या हाताच्या तर्जनीत, म्हणजे साक्षीदारांना स्पष्ट दिसते.

मला सगळ्यात आवडतो तो ‘केतुबा’. हा लग्नाचा लेखी करार. तो अरामी या जुन्या भाषेत लिहितात आणि सर्वांसमोर मोठ्याने वाचतात. बायकोला अन्नवस्त्र देण्याची जबाबदारी नवऱ्याची. त्याने तिला सोडलं किंवा तो वारला, तर तिला ठरलेली रक्कम मिळालीच पाहिजे. पहिल्यांदाच लग्न होणाऱ्या मुलीसाठी जुन्या हिशेबाने २०० झूज, म्हणजे चांदीची २०० नाणी. हा कागद नवरीच्या ताब्यात राहतो. तो हरवला तर नवा लिहून होईपर्यंत दोघांनी एकत्र राहू नये, इतका कडक नियम! शेकडो वर्षांपूर्वी मुलीच्या बाजूने असा कागद करून ठेवणारे लोक शहाणेच म्हणायचे.

मग द्राक्षरसाच्या प्याल्यावर सात आशीर्वाद म्हणतात आणि शेवटी नवरदेव एक काचेचा पेला फोडतो. आपल्याकडे शुभकार्यात काच फुटली, तर आजी केवढी चुकचुकते! इथे मात्र मुद्दाम फोडतात. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेममधलं ज्यूंचं मंदिर पाडलं. सगळे आनंदात असतानाच त्या दुःखाची आठवण करायची, म्हणून पेला फुटतो आणि लगेच ‘माझल तोव’, म्हणजे अभिनंदन, असा गलका होतो. ताल्मूद या जुन्या ग्रंथात एक गोष्ट आहे. एका विद्वानाच्या मुलाच्या लग्नात पाहुणे भलतेच उधळले. त्याने ४०० झूजचा किमती पेला आणला आणि त्यांच्यासमोर फोडला. सगळे एकदम गप्प! केतुब्याच्या रकमेच्या दुप्पट किंमत होती त्या पेल्याची.

लग्नावरूनच बेने इस्रायल लोकांना एकदा मोठा लढा द्यावा लागला. १९४८ साली इस्रायल देश स्थापन झाल्यावर कोकणातली आणि मुंबईतली बरीच कुटुंबं तिकडे गेली. पण १९६० नंतर तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढली, की हे इतकी शतकं दूर राहिले, यांच्या पूर्वजांची लग्नं नियमाप्रमाणे झाली कशावरून? बेने इस्रायल मुलाला किंवा मुलीला दुसऱ्या ज्यूंशी लग्न करायचं असेल, तर आधी मागच्या पिढ्यांची चौकशी! ज्यांनी परक्या किनाऱ्यावर शनिवार पाळला, त्यांनाच हा प्रश्न. लोक चिडले, जेरुसलेममध्ये त्यांनी निदर्शनं केली. १९६४ साली तिथल्या संसदेने जाहीर केलं, की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतरांसारखेच ज्यू आहेत. मग ती अटही मागे घेतली गेली.

आता कोकणात थोडीच कुटुंबं उरली आहेत. पण इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोना अशा शहरांत मराठी घरच्या मुलींच्या हातांवर लग्नाआधी मेंदी काढतात, मलिद्याचं ताटही मांडतात.

इस्रायलहून आलेली मंडळी अलिबागजवळच्या खंडाळे गावीही जातात. तिथल्या एका खडकावर एलियाहूच्या रथाची खूण आहे, असं ती मानतात. तुम्ही गेलात तर तो खडक बघाच. सिनेगॉग बघायचं असेल, तर शनिवार टाळा, आधी परवानगी विचारा आणि मुलग्यांनो, डोकं झाकायला एक टोपी खिशात असू द्या.